शेगडीची राखण

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस आमच्या घरात एक लहानसा वाद झाला. मुलगा, सूनबाई आणि आठ महिन्यांची नात पुण्याहून वर्ध्याला आली होती. नातीला आम्ही चिऊ म्हणतो. आल्या दिवशीच मुलाने जाहीर केले की, या वेळी सर्वांनी मिळून तीन दिवस चिखलदऱ्याला जायचे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कुठेही प्रवास केलेला नव्हता, तेव्हा त्याचे मन मला कळत होते. तरीही माझ्या तोंडून निघून गेले, "एवढ्याशा लेकराला ऐन थंडीत कुणी डोंगरावर नेतं का?"

मुलगा हसला. सूनबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आई, आपण आधी बालरोगतज्ज्ञांना विचारू. ते नको म्हणाले तर नाही जायचं." या उत्तराने माझा आक्षेप तेवढ्यापुरता मिटला. मी सर्वांना सांगितलेले कारण थंडीचे होते. मनातले कारण त्याहून जुने होते आणि ते मी कुणालाच सांगितलेले नव्हते, अगदी यांनासुद्धा नाही.

ती १९६५ सालच्या पौषातील गोष्ट. आम्ही आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहत होतो. मी आठ वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ सहा महिन्यांचा. त्याला आधी सर्दी झाली, मग ताप आला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास लहान लहान आणि भराभर चालू लागला. बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडे. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, पोराला डब्बा झाला. सुईणीने त्याच्या पोटावर बिब्ब्याच्या फुल्या घातल्या. खोलीची दारे-खिडक्या लावून घेतल्या, ओव्याची धुरी दिली आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय तेव्हाही होते; परंतु ते पन्नासएक किलोमीटर दूर, घरी बैलगाडी आणि बाहेर रात्र. सकाळी निघायचे असे ठरले.

आई तीन रात्रींची जागी होती. पहाटेच्या सुमारास तिने मला उठवले आणि म्हणाली, "मी जरा पाठ टेकते. तू शेगडीकडे बघ, विझू देऊ नकोस." मी शेगडीजवळ बसले. आठ वर्षांचे पोर ते, निखाऱ्यांकडे पाहता पाहता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेगडीत राख होती आणि आई भावाला मांडीवर घेऊन स्तब्ध बसली होती.

त्या रात्रीविषयी आईने मला आयुष्यात एका शब्दाने बोल लावला नाही. पण मी माझ्यापुरता निकाल देऊन टाकला होता: शेगडी विझली म्हणून भाऊ गेला. पुढे शिकले, शाळेत शिक्षिका झाले, मुलांना शास्त्राचे धडे शिकवले. तो निकाल मात्र मनाच्या तळाशी तसाच राहिला. माझा मुलगा लहान असताना थंडीच्या रात्री मी तीन-तीनदा उठून त्याचे पांघरूण सारखे करीत असे. लोक म्हणत, फार जपते लेकराला. ते जपणे नव्हते, ती शेगडीची राखण होती.

वर्ध्याच्या बालरोगतज्ज्ञांनी चिऊला नीट तपासले. ती पूर्ण दिवसांची जन्मलेली, वजन चांगले, लसी वेळेवर दिलेल्या, सर्दी-खोकला नाही. "खुशाल न्या," ते म्हणाले. मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. बाळ कमी दिवसांचे असेल, अगदी काही आठवड्यांचे असेल, हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असेल किंवा नुकतेच आजारातून उठले असेल, तर थंड हवेची सहल पुढे ढकलणेच शहाणपणाचे. इतर बाळांच्या बाबतीत थंडीपेक्षा आपले वागणे अधिक महत्त्वाचे ठरते.

बाळाला थंडी लवकर का बाधते, हेही त्यांनी समजावून सांगितले. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, डोके तर शरीराच्या मानाने फारच मोठे. त्यामुळे अंगातील उष्णता भराभर बाहेर जाते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून अंगात ऊब तयार होते. तान्ह्या बाळाला ते नीट साधत नाही. मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिले आणि म्हणाले, "आजी-आजोबा, तुमचंही फारसं वेगळं नाही बरं का. वयपरत्वे त्वचेखालची चरबी कमी होते, थंडीची जाणीवही बोथट होते. म्हणजे अंग गार पडलं तरी लवकर कळत नाही. घरातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी माणसं, थंडी या दोघांना आधी गाठते." हे वाक्य मला आवडले. पण ते माझ्यासाठी आहे असे काही मी मानले नाही.

कपड्यांविषयी त्यांचा नियम सोपा होता. ज्या हवेत आपल्याला जितके कपडे लागतात, त्याहून बाळाला एक थर अधिक. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण ते गरजेप्रमाणे काढता येतात. अंगालगत सुती झबले, त्यावर लोकरीचे. बाहेर असताना टोपडे अवश्य, पण खोलीत झोपताना टोपडे काढायचे आणि सैल पांघरुणे, उशा बाळाच्या तोंडाजवळ ठेवायच्या नाहीत. मी मान डोलावली आणि घरी येऊन बॅगेत दोन स्वेटर, तीन कुंच्या, लोकरीचे पायमोजे, एक दुलई आणि माझी काश्मिरी शाल भरली. कापराची वडी आणि ओव्याची पुरचुंडीही घेतली होती. सूनबाईने कापूर मात्र नम्रपणे बाहेर काढून ठेवला. तान्ह्या बाळाला कापूर चोळल्याने किंवा तो पोटात गेल्याने झटके येऊ शकतात, हे तिला ठाऊक होते; मला नव्हते. बाळगुटी मधात उगाळून न्यावी असेही मी सुचवले होते. त्यावर तिने सांगितले की, वर्षाच्या आतील बाळाला मध देत नाहीत, कारण त्यातून क्वचित का होईना, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मी गप्प बसले. मनात आले, आमची पिढी तर यावरच वाढली. पण जी वाढली नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवली होती?

आम्ही सकाळी ऊन वर आल्यावर निघालो. वर्ध्याहून अमरावती, तेथून परतवाडा आणि मग घाट, असा सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास. सोबत संत्री होती, तुरीच्या शेंगा होत्या आणि वर्धेकर प्रवासाला निघाला की बॅगेत असतोच असा गोरसपाक होता. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, चिऊला तिच्या आसनातून बाहेर काढायचे, लंगोट पाहायचा आणि दूध पाजायचे, हा क्रम सूनबाईने काटेकोर पाळला. गाडीत तिने चिऊचे जाड कपडे उतरवले. जाड कपड्यांवरून पट्टा बांधला तर तो सैल राहतो आणि धक्का बसल्यास बाळ निसटू शकते, असे तिचे म्हणणे. पट्टा बांधल्यावर वरून दुपटे घातले की झाले. वाटेत बहिरमची यात्रा पाहावी असे मुलाच्या मनात होते. डिसेंबर-जानेवारीत तिथे मोठी गर्दी लोटते. परंतु गर्दीतला खोकला बाळाला थंडीपेक्षा अधिक घातक म्हणून तो बेत आम्ही सोडला. घाट चढताना चिऊ कुरकुरली, तेव्हा तिला थोडे पाजले. उंचीवर जाताना आपले कान दडतात तसे बाळाचेही दडतात. गिळण्याने ते मोकळे होतात.

वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरहून कमी उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे अकराशे मीटर. एवढ्या चढाने तापमानात सहसा पाच-सहा अंशांचा फरक पडतो. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, आणि इथे कॉफीची लागवड होते हे ऐकून चिऊच्या आजोबांना मोठे नवल वाटले. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले आणि त्या कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, ही आख्यायिका त्यांनी चिऊला साभिनय सांगितली. चिऊने त्यांचा चष्मा ओढला. दुपारी आम्ही देवी पॉइंटला गेलो, गाविलगड लांबूनच पाहिला आणि ऊन कलायच्या आत परतलो. तो दिवस फार सुंदर गेला, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे घडले त्याने तो दिवस पुसला जाऊ नये.

मुक्काम एका साध्या विश्रामगृहात होता. संध्याकाळी वारा सुटला आणि फरशी पायाला बोचू लागली. आठच्या सुमारास चिऊ झोपली. मुलगा आणि सूनबाई समोरच्या भोजनगृहात जेवायला गेले. आम्ही दोघांनी आधीच भाकरी आणि वरण घेतले होते, म्हणून चिऊजवळ थांबलो. मी तिच्या हाताला हात लावला. बोटे गार होती.

त्या गार बोटांनी मला साठ वर्षे मागे नेले. मी तिला दुसरा स्वेटर चढवला, कुंची घातली, वर दुलई आणि शाल. तरी समाधान होईना. बाहेर चौकीदार शेकत बसला होता. त्याला म्हटले, "भाऊ, एक शेगडी आत ठेवाल का? लेकरू लहान आहे." त्याने निखारे भरून शेगडी आणली आणि जाताना बजावले, "माय, दार थोडं उघडं राहू द्या बरं." तो गेला. फटीतून वारा येऊ लागला आणि मी दार लावून घेतले. खिडकीची फट टॉवेलने बुजवली. मग शेगडीजवळ खुर्ची ओढून बसले. या वेळी मी झोपणार नव्हते.

निखाऱ्यांना धूर नव्हता, वासही नव्हता. खोली छान उबदार झाली. काही वेळाने माझे डोके जड झाले. वाटले, रक्तदाब वाढला असेल. प्रवासाच्या गडबडीत दुपारची गोळी राहिलीच होती. मळमळू लागले तेव्हा वाटले, घाटाचा परिणाम. चिऊचे आजोबा पलंगावर वर्तमानपत्र वाचत होते, ते बाथरूमला जायला उठले आणि भिंत धरून खाली बसले. मला उठून त्यांच्याकडे जायचे होते, पण पाय उचलेनात. आणि तरीही, हे लिहिताना लाज वाटते, मी एक कोळसा शेगडीत सारखा केला.

तेवढ्यात सूनबाई चिऊला पाजायची वेळ झाली म्हणून अर्ध्या जेवणातून उठून आली. तिने दार उघडले, क्षणभर उभी राहिली आणि एक शब्द न बोलता चिऊला उचलून बाहेर ओसरीवर धावली. मागोमाग मुलगा आला. त्याने खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर फेकली, आम्हा दोघांना हाताला धरून मोकळ्या हवेत आणले. चिऊ घामाने निथळत होती. चेहरा लाल, अंग सैल. सूनबाई कुंची, स्वेटर एकेक करून काढत होती आणि तिला हाका मारत होती. किती वेळ गेला असेल? एखादे मिनिट. मग चिऊ रडली. ते रडणे ऐकून मी ओसरीच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही.

गावातील दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. यांनी करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर खिशात होतेच, ते लावून ते म्हणाले, "अठ्ठ्याण्णव आहे, म्हणजे ठीक आहे ना?" डॉक्टरांनी मान हलवली आणि आम्हा तिघांनाही ऑक्सिजन लावला. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि मग प्राणवायू वाहून न्यायला रक्तात जागाच उरत नाही. घरगुती ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक ओळखता येत नाही; माणूस गुदमरत असला तरी आकडा चांगलाच दिसतो. लहान मूल मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेते, म्हणून त्याला विषबाधा लवकर होते. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणे म्हातारपणाच्या रोजच्या तक्रारींसारखीच, आणि आमच्या वयाची माणसे तिथेच फसतात. "खोलीतल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली, तर ती रक्तदाबाची समजू नका," डॉक्टर म्हणाले. "आधी दार उघडा, सगळे बाहेर या आणि लगेच दवाखाना गाठा." उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतील अंगीठीने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरही याच वायूने जीव घेतो.

पहाटेपर्यंत चिऊ नीट दूध प्यायली, हसली आणि माझ्या नाकावरची ऑक्सिजनची नळी पकडू लागली. डॉक्टर पुन्हा तपासायला आले. तेव्हा, का कोण जाणे, मी त्यांना भावाची गोष्ट सांगितली. मुलगा, सूनबाई आणि हे, तिघेही ऐकत होते. साठ वर्षांत पहिल्यांदाच मी ते वाक्य मोठ्याने उच्चारले, "माझ्याकडून शेगडी विझली."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारले, "आजी, त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता? श्वास भराभर चालत होता?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "मग तो न्यूमोनिया होता. त्याला औषध हवं होतं, शेगडी नाही. शेगडी पेटती राहिली असती तरी तो त्या रात्री वाचला नसता. उलट बंद खोलीतली धुरी आणि धूर आजारी फुप्फुसाला आणखी त्रासच देतात. विझली, त्यानं काही बिघडलं नाही." ते इतके साधेपणाने बोलले, जणू रक्ताचा अहवाल वाचून दाखवत होते. मी बराच वेळ काहीच बोलू शकले नाही.

मग त्यांनी मला एक काम शिकवले, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचे पोट उघडे करायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले तर तो वेगवान श्वास समजावा आणि खोकला-सर्दी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, गुंगीत असेल किंवा ओठ निळसर असतील, तर घटकाभरही थांबू नये.

वर्ध्यास परतल्यावर मी याविषयी वाचले. डॉ. राणी बंग आणि आपल्याच वर्ध्यात जन्मलेले, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत हेच केले. तेथील लोकांच्या बोलीत भराभर श्वासाला 'लहाक' आणि छाती ओढली जाण्याला 'डब्बा' म्हणतात, हे त्यांनी टिपून घेतले. गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला व त्यावर औषध द्यायला शिकवले. त्याने बालमृत्यू कमी झाल्याचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचे त्यांचे काम १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आले. त्यात नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. बाळाला ऊबदार ठेवणे हाही त्या कामाचा एक भाग होता. माझ्या आईच्या तोंडी असलेला 'डब्बा' हा शब्द एका शास्त्रीय निबंधाच्या मुळाशी आहे, हे वाचून माझे डोळे भरून आले. शब्द आमच्याकडे होता. मोजणे तेवढे नव्हते.

त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितले होते की, ऊन वर आल्यावर खाली उतरा आणि अमरावतीला बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. म्हणजे तीन दिवसांची सहल दीड दिवसातच संपली. विश्रामगृहाच्या ओसरीवर कोवळे ऊन आले होते. मी कोपऱ्यात बसले होते. चिऊला पुन्हा हातात घ्यावे असे म्हणण्याचा धीर मला होत नव्हता. समोरच्या रस्त्याने एक कोरकू बाई डोक्यावर मोळी आणि पोटाशी कापडाने बांधलेले लेकरू घेऊन चालली होती. लेकराचे डोके तिच्या हनुवटीखाली होते. याच मेळघाटाने कुपोषणात आणि आजारात कितीतरी लेकरे गमावली आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा तिच्या गरिबीचे कौतुक मला करायचे नाही. मला फक्त एवढे दिसले की, त्या लेकराची ऊब कुठल्याही शेगडीतून येत नव्हती.

सूनबाई बाहेर आली. तिने चिऊला माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आई, हिला शालीत कुशीत घ्या. मी बॅगा भरते." एवढेच. ना उपदेश, ना बोल. साठ वर्षांपूर्वी माझ्या आईनेही मला बोल लावला नव्हता. पण ती कधी त्याविषयी बोललीही नव्हती. सूनबाईने बाळ माझ्या मांडीवर ठेवून जे सांगितले, ते ऐकण्यासाठी मी बहुधा आठ वर्षांची असल्यापासून थांबले होते.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या पद्धतीला वैद्यकात 'कांगारू माता निगा' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात, इस्पितळात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा तेथील डॉक्टरांनी ती सुरू केली. ती मुख्यतः कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी आहे. पण तिच्यातला साधा धडा कुठल्याही घराला लागू पडतो. माणसाचे अंग ही सर्वांत सुरक्षित ऊब आहे. ते फार तापत नाही, त्याला धूर नाही, आणि बाळाला काही झाले तर ते लगेच ओळखते. आई नसेल तेव्हा बाबा, आजी, आजोबा यांचे अंगही तेवढेच उबदार असते.

अमरावतीला सर्व ठीक निघाले. त्यानंतरचा आठवडा चिऊ वर्ध्यात होती, आणि त्या आठवड्यात मी काही सवयी बदलल्या. बाळाला थंडी वाजते की नाही, हे आता मी बोटांवरून ठरवत नाही. बाळाची बोटे जराशी गार असणे स्वाभाविक असते. मी पोटाला आणि तळपायांना हात लावते. दोन्ही उबदार असतील तर बाळ सुखात आहे. पोट उबदार पण तळपाय गार, तर एक थर वाढवावा आणि बाळाला कुशीत घ्यावे. दोन्ही गार असतील तर अंगाशी धरून तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. मान घामाने ओली, चेहरा लाल असेल तर कपडे जास्त झाले आहेत. एकेक थर काढावा. अति ऊबही बाळाला अपायकारक असते, विशेषतः झोपेत. दिवसभरात लंगोट नेहमीइतके ओले होतात की नाही, यावरही माझे लक्ष असते, कारण थंडीत बाळाला पाणी कमी पडले तरी ते चटकन ध्यानात येत नाही.

आम्हा दोघांच्याही सवयी बदलल्या. प्रवासात गोळ्यांची डबी आता बॅगेत नाही, पर्समध्ये असते, आणि वेळेचा गजर मोबाइलवर. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून हिवाळ्यात गोळी चुकवणे अधिक महाग पडते. यांना मधुमेह आहे, पायांची संवेदना कमी झाली आहे; त्यामुळे गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे बंद, कारण भाजले तरी कळत नाही. त्याऐवजी झोपण्यापूर्वी अंथरूण पिशवीने गरम करायचे आणि पिशवी बाजूला काढायची. खोली गरम करायचीच असेल तर विजेचा हीटर, तोही पडद्यापासून आणि अंथरुणापासून दूर, खिडकीची फट उघडी ठेवून आणि झोपण्याआधी बंद करून. शेगडी घराच्या आत नाही. एका रात्रीपुरतीही नाही.

वाचकहो, माझ्या पिढीच्या आजी-आजोबांना मला एवढेच विनवायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एखादे गेलेले लेकरू असते. भाऊ, बहीण, कधी पोटचेही. त्या काळात औषध हाताशी नव्हते, म्हणून आपण मिळेल त्या गोष्टीची राखण केली आणि ती निसटली म्हणून स्वतःला दोषी ठरवले. ते दुःख आपल्या हातून नातवंडांवर दुलया चढवते, दारे लावून घेते. ते कुणाला तरी एकदा सांगून टाकावे. सुनेला सांगावे, मुलाला सांगावे, डॉक्टरांना सांगावे. आणि सुनांना, मुलांना विनंती की, आजी फार काळजी करते असे म्हणून हसण्याआधी तिला एकदा विचारावे, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?

यंदाच्या डिसेंबरात चिऊ पावणेदोन वर्षांची होईल. चिखलदऱ्याचा उरलेला दीड दिवस तिला अजून दाखवायचा आहे आणि आम्ही सर्व पुन्हा जाणार आहोत. तिचे आजोबा म्हणतात, कीचकाची गोष्ट आता तिला कळेल. मी बॅग भरायला घेतली आहे. त्यात या वेळी दोनच स्वेटर आहेत आणि सेकंदकाटा असलेले एक जुने मनगटी घड्याळ.